हरणीचे कुंपण

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी कोलकात्याला घरी पोहोचलो आणि तिसऱ्याच दिवशी आमची हरणी पळाली.

हरणी ही कारवानी जातीची कुत्री. मंगळवेढ्याकडे आजोबांच्या शेतावर जन्मलेली. बाबांची बदली झाली तेव्हा ती आमच्याबरोबर रेल्वेने कोलकात्याला आली. कर्नाटकात या जातीला मुधोळ म्हणतात. २०१६ साली लष्कराने याच जातीची पिल्ले मेरठला रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली होती. ही शिकारी कुत्री वासापेक्षा नजरेवर चालतात. दूर काही हलले की आधी धावतात, विचार नंतर.

अलीपूरच्या आमच्या क्वार्टरमागे अंगण आहे. दोन बाजूंना विटांची भिंत, एका बाजूला घर आणि चौथ्या बाजूला दरम्याचे कुंपण होते. दरमा म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली चटई. बंगालमध्ये ती सगळीकडे दिसते, स्वस्त पडते आणि नवी असताना छान दिसते. त्या संध्याकाळी कालबैशाखी आली. चैत्र-वैशाखात तिकडे वायव्येकडून येणाऱ्या वादळाला कालबैशाखी म्हणतात. दहा मिनिटांत अंधार, वारा, पाऊस. वादळ थांबल्यावर मागे गेलो तर दरमा आडवा पडला होता आणि हरणी नव्हती.

दोन रात्री आम्ही शोधत होतो. आई रस्त्यावरच्या प्रत्येक चहावाल्याला मोडक्या बंगालीत विचारत होती. तिसऱ्या सकाळी एका चहाच्या टपरीमागे ती सापडली. गल्लीतल्या कुत्र्यांनी कान फाडला होता आणि मागचा पाय ती टेकत नव्हती. रेबीजची लस आधी दिलेली होती, तरी डॉक्टरांनी ती पुन्हा दिली, कारण चावणारे कुत्रे कोणते ते कोणालाच माहीत नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही.

शेजारच्या बंगाली आजोबांनी मात्र माझी चेष्टा केली. म्हणाले, "बर्गींची कुत्री! खंदक ओलांडणारच!" मला काही कळले नाही, म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. लोक त्यांना बर्गी म्हणत. त्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. बेत सुमारे सात मैलांचा होता, पण तीनेक मैल झाल्यावर काम थांबले. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. १७५६ मध्ये सिराजउद्दौला आला आणि त्या अर्धवट खंदकाने त्याला काही अडवले नाही. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. त्या खंदकाला मराठा डिच म्हणत. आमच्याही अंगणाच्या तीन बाजू भक्कम होत्या, चौथी नव्हती.

नवे कुंपण निवडायचे काम बाबांनी माझ्यावर सोपवले. मी आधी किमती विचारत फिरलो, ती चूक होती. आधी आपले कुत्रे कसे निसटते ते पाहायला हवे. वरून उडी मारते, खालून उकरते, फटीतून घुसते की फाटक उघडायची वाट पाहते? आपल्याकडच्या ठेंगण्या पॉमेरेनियनला तीन फूट उंची पुरते, पण जाळीचे छिद्र बारीक लागते. हरणी उकरत नाही, पण पाच फुटांवरून सहज जाते. म्हणून सहा फूट, आणि वरचा एक फूट आतल्या बाजूला झुकवलेला. भिंतीलगत ठेवलेले जुने पाण्याचे पिंप मी त्याच दिवशी हलवले. कुत्र्याला तेवढी पायरी पुरते, मग उंची किती का असेना!

आता कशाचे कुंपण? पत्र्याचे असते तर हरणीला बाहेरचे मांजर दिसले नसते, ही मोठीच सोय. पण सलग पत्रा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि कालबैशाखीत खांबासकट उपटतो. जाळीतून वारा निघून जातो. काटेरी तारेचा विचारसुद्धा करू नका, वेगात धावणारे कुत्रे त्यात फाटते. गळ्यातल्या पट्ट्यातून झटका देणाऱ्या अदृश्य कुंपणाबद्दल एका मित्राने सुचवले. शिकारी कुत्रे मांजरामागे लागले की झटका सोसून पार जाते, आणि परत येताना पुन्हा झटका बसेल म्हणून बाहेरच राहते. शिवाय गल्लीतले कुत्रे आत येणार ते येणारच.

शेवटी गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी घेतली, दोन इंच छिद्राची, १० गेजची. इथे एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही: गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते. १४ गेजची स्वस्त मिळते, पण कोलकात्याच्या दमट हवेत बारीक तार लवकर गंजून तुटते. तिथली माती गाळाची, पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ. म्हणून आठ फुटी लोखंडी अँगल दोन फूट खाली काँक्रीटमध्ये बसवले. जाळीची खालची कड बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून मातीखाली दाबली. हरणी उकरत नाही हे खरे, पण बाहेरची उकरतात. आणि जाळीच्या खालच्या तीन फुटांना नवा दरमा बांधला. तेवढ्याने मांजरे दिसायची बंद झाली. तो दर वर्षी बदलावा लागेल.

क्वार्टर सरकारी असल्याने आधी परवानगी काढावी लागली. जाताना जागा होती तशी करून द्यायची, अशी अट होती. म्हणून जाळी नट-बोल्टांनी लावली आहे. बदली झाली की जाळी गुंडाळून काळ्या ट्रंकांबरोबर निघेल.

फाटकावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ते आत उघडणारे केले, म्हणजे कुत्र्याने ढकलले तर चौकटीला अधिकच घट्ट बसते. खालची फट दोन इंचांपेक्षा कमी. आपल्या शाळेच्या गार्डरूमसारखी दोन फाटकेही सुचवली होती, एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. बाबा हसले, पण खर्चाचा आकडा ऐकून नको म्हणाले. मला अजूनही ते हवे होते असे वाटते, कारण दूधवाला कडी लावायला विसरतो.

काही जण विचारतील, साखळीच का नाही बांधत? आखूड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारवानीला धावायला लागते. कुंपण झाल्यावरही आई तिला रोज पहाटे पट्टा लावून फिरवून आणते.

आपले इन्स्ट्रक्टर सर फील्डक्राफ्टच्या तासाला सांगतात की ज्या अडथळ्यावर कोणाची नजर नाही तो अडथळा नव्हे. म्हणून वादळानंतर कुंपणाभोवती एक फेरी मारायची, असे मी आईला सांगून आलो आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. हरणीचा कान भरला आहे, पाय थोडा अधू राहिला आहे. फाटकाजवळचा एक बोल्ट सैल झाला होता, तो तिने स्वतःच आवळला.