खडकीची कार्यशाळा आणि पगाराची नोकरी

पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांनी पुढे खायचं काय? या प्रश्नातून 1917 साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही अपंगत्व आलेल्या जवानांना हाताला काम देणारं शिक्षण देते. नुसत्या पेन्शनवर माणसाचे दिवस निघतात, पण सकाळी उठून जायला ठिकाण लागतंच.

सैनिक मुरलीकांत पेटकर यांचंच घ्या. 1965च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, 1972 साली हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. सिनेमा निघतो तो पदकावर. पुण्यात टेल्कोत त्यांनी नोकरीही केली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही!

अशा नोकरीला कायद्याचाही आधार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतला त्यांचा राखीव वाटा 3 वरून किमान 4 टक्के केला. त्यातलं कलम 20 जास्त मोलाचं. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. खासगी कंपन्यांवर अशी टक्केवारीची सक्ती नाही.

बरं, नोकरी टिकते कशावर? अंध कारकुनाच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. चाकाच्या खुर्चीवरल्या माणसाला उतार लागतो, आणि खुर्ची आत जाईल एवढं रुंद स्वच्छतागृहाचं दार. नोकरी अनेकदा त्या दारापाशीच अडते.