सांगड : दोन होड्यांची एक नाव

'खर्चाची आणि मिळकतीची सांगड घाला' असे आपण सहज बोलून जातो. पण हा शब्द मूळचा नदीकाठचा. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या अंगाला बांधलेले वाळके भोपळे म्हणजे सांगड. दोन होड्या शेजारी-शेजारी जखडून केलेली नाव, तीही सांगडच. इंग्रजीतला 'कॅटामरान' तमिळमधून गेला. 'कट्टु' म्हणजे बांधणे, 'मरम' म्हणजे लाकूड. आधी ते ओंडक्यांच्या तराफ्याचे नाव होते, पुढे दुहेरी होडीला चिकटले.

१८७६ साली अमेरिकेतील नॅथॅनियल हेरेशॉफ यांच्या 'अमॅरिलिस' या दुहेरी नावेने न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्या भल्या बोटींना मागे टाकले. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या हॉबी आल्टर यांनी गाडीमागे ओढून नेता येईल अशी सोळा फुटी शिडाची सांगड लोकप्रिय केली. वजन सुमारे १४५ किलो.

दोन अंगे कशासाठी? एकेरी अरुंद होडीत माणसे एका बाजूला सरकली की ती कलते. सांगडीत दोन होड्यांमध्ये दोन-अडीच मीटरचे अंतर असते. एक बाजू दबू लागली की दुसऱ्या बाजूचे वजन तराजूच्या लांब दांडीसारखे तिला मागे खेचते.

ती जोडायचीही रीत आहे. सपाट काठावर दोन्ही होड्या समांतर ठेवून आडव्या दांड्यांनी पक्क्या करायच्या. मधले जाड कापड बाजेच्या सुतळीसारखे ताणून बांधायचे. होड्यांच्या बुडाशी पाणी काढण्याची भोके असतात, त्यांची बुचे घट्ट बसली आहेत ना, हे हाताने चाचपून पाहायचे. मग डोलकाठी. तिचा बुंधा खिळीने अडकवायचा, दोन्ही बाजूंचे तारेचे ताण आधी लावायचे, एकाने काठी उचलायची, दुसऱ्याने पुढून ओढायची आणि पुढचा ताण शेवटी जखडायचा. शेवटी सुकाणू बसवायचे. शीड चढवताना नावेचे तोंड वाऱ्याकडे हवे आणि शिडाची दोरी सैल.

पण डोलकाठी उचलण्याआधी वर बघायचे. कृष्णाकाठी उपसा मोटारींच्या विजेच्या तारा जागोजागी गेल्या आहेत. काठी ॲल्युमिनियमची, उंची आठ मीटर. तार न दिसणे म्हणजे थेट मृत्यू. सांगलीच्या घाटापेक्षा अशा नावेला धोम किंवा कोयनेच्या शिवसागरासारखे मोकळे पाणी बरे. अर्थात संबंधित खात्याची परवानगी घेऊनच.

आता दुसरी बाजू. सांगड सहजासहजी कलंडत नाही, पण मर्यादेपलीकडे गेली की पुरती उलटते, आणि उलटी झाली की तशीच स्थिर राहते. म्हणून डोलकाठीत हवा बंद केलेली असते, म्हणजे नाव आडवी पडली तरी पालथी होऊ नये. मग दोघांनी खालच्या होडीवर उभे राहून दोरीला लोंबकळत तिला सरळ करायचे. अंगात जीवरक्षक जाकीट नसेल तर हे धोक्याचे आहे.

हे सगळे शिडाच्या हौसेपुरते नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपुढे गेली. गावागावांत गुळाच्या काहिलीसुद्धा नावेच्या कामी येतात हे आपण जाणतो. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली होडी उलटली आणि कितीतरी जीव गेले. काठावर उभ्या माणसांना जागा नाही म्हणणे कठीण असते. परंतु होडी एकेरी असो वा दुहेरी, तिला भीती कळत नाही, वजन कळते.

म्हणून प्रत्येक गावाच्या होडीवर माणसांचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा, तितकीच जाकिटे होडीत ठेवावीत, आणि पाऊस लागण्याआधी उन्हाळ्यातच, शांत पाण्यात, गावातल्या तरुणांनी एकदा ती भरून पाहावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)