शेवटच्या शेतापर्यंत पाणी
पाणीवापर संस्था आणि लोकसहभाग : ओझरचा अनुभव

कालव्याचे पाणी हे सरकारने द्यावयाचे व शेतकऱ्याने घ्यावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. धरण सरकारने बांधले, कालवा सरकारने खोदला, दरवाजाची किल्लीही सरकारी नोकराच्या हाती. तेव्हा पाणी वेळेवर आले नाही तर दोष खात्याचा, असे मानले जाते. ह्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कोणत्याही जुन्या कालव्याच्या कडेने मुखापासून शेवटापर्यंत चालत गेले, तर दुसरीही एक बाजू दृष्टीस पडते. मुखाजवळच्या शेतांत पाणी बांधावरून वाहत असते. मधल्या भागात चारीत गवत माजलेले असते, कोठे मोरी फोडलेली असते, कोठे रात्रीतून बांध घालून पाणी वळविलेले असते. शेवटच्या शेतात मात्र चारीचा तळ कोरडा असतो. धरणातून सोडलेले पाणी आणि पिकाच्या मुळाशी पोहोचलेले पाणी ह्यांत जे अंतर पडते, ते भरून काढणे एकट्या खात्याच्या हातचे काम नाही.

नाशिक जिल्ह्यातील ओझर परिसराच्या शेतकऱ्यांनी हे अंतर कसे कमी केले, आणि त्यांनी जे केले त्याविषयी जगातील अभ्यासक काय सांगतात, हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे.

सेवा दोघांनी मिळून घडते

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह १९७० नंतरच्या दशकात सार्वजनिक सेवांचा अभ्यास हाती घेतला. प्रथम त्यांनी शहरांतील पोलीस व्यवस्था तपासली. रस्त्यावरील सुरक्षितता केवळ पोलिसांच्या संख्येवर ठरत नाही. नागरिक वेळीच खबर देतात की नाही, शेजाऱ्याच्या घराकडे लक्ष ठेवतात की नाही, ह्यावरही ती अवलंबून असते, असे त्यांना आढळले. ह्यावरून त्यांनी असा विचार मांडला की सार्वजनिक सेवा ही दुकानातील वस्तूसारखी तयार मिळत नसते. देणारा आणि घेणारा ह्या दोघांच्या श्रमांतून ती घडत असते. ह्याला आपण सहनिर्मिती म्हणू.

आपल्या व्यवहारात ह्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. गुरांच्या डॉक्टरांनी लस आणली, परंतु मालकाने जनावर दवाखान्यात नेलेच नाही, तर साथ थांबत नाही. गुरुजींनी कितीही कष्ट घेतले, तरी मुलाने अभ्यास केल्यावाचून शिक्षण होत नाही. कालव्याचेही असेच आहे. खाते पाणी चारीच्या तोंडाशी आणून सोडील. तेथून पुढे त्याचे सिंचन करावयाचे की नासाडी, हे शेतकऱ्यांच्या हातात असते.

पुढे ऑस्ट्रॉमबाईंनी पाणी, जंगल, कुरण अशा सामाईक साधनांचा अभ्यास केला. त्यांचा मुख्य ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या गटाने नेपाळमधील शंभराहून अधिक सिंचन व्यवस्थांची माहिती गोळा केली. त्यातील एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. दगड, माती व झुडपे वापरून शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेल्या व चालविलेल्या साध्या व्यवस्थांमध्ये पाणी शेवटापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण, सरकारने चालविलेल्या पक्क्या बांधकामांच्या व्यवस्थांपेक्षा पुष्कळदा अधिक होते.

ह्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. कच्चा बंधारा दरवर्षी वाहून जातो. तो पुन्हा उभारावयाचा तर वरच्या शेतकऱ्याला खालच्या शेतकऱ्याचे हात लागतात. खालचा शेतकरी श्रम देतो आणि त्याबदली आपला पाण्याचा वाटा मागून घेतो. बांधकाम पक्के झाले, दुरुस्ती बाहेरच्या पैशाने होऊ लागली, की वरच्याला खालच्याची गरज उरत नाही. आणि गरज सरली की वाट्याची आठवणही राहत नाही. म्हणून पक्क्या बांधकामाबरोबर पक्का करारही हवा, असा ह्याचा अर्थ.

आपलीच जुनी फड पद्धती

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. नाशिक जिल्ह्यात मोसम, गिरणा व आरम आणि धुळे जिल्ह्यात पांझरा, ह्या नद्यांच्या काठी फड पद्धती काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, अशी ही रचना होती. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे व दरवर्षी पिकांचा फेरपालट करावयाचा, असा नियम असे. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे वरचा व खालचा हा भेद तीव्र होत नसे.

पाणी देण्याचे काम मालक करीत नसे. त्यासाठी पाटकरी व बारेकरी नेमलेले असत, राखणीसाठी जागल्या असे, आणि ह्या सर्वांवर पंचांची देखरेख असे. हंगामापूर्वी पाट साफ करण्याच्या कामात सर्व लाभधारकांचा वाटा असे. पुढे नद्यांवर मोठी धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि अनेक फड मोडकळीस आले. परंतु त्यामागील तत्त्व, म्हणजे नियम आपले, नोकर आपले आणि देखरेखही आपली, हे जुने झालेले नाही.

ओझरचे शेतकरी पुढे आले

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याची साठवण सुमारे २३०० दशलक्ष घनफूट आहे. निफाड तालुक्यातील ओझर परिसर ह्या धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या भागात येतो. शेवटच्या भागाचे जे दुखणे सर्वत्र असते, तेच येथेही होते. लाभक्षेत्राच्या नकाशात जमीन भिजलेली, प्रत्यक्षात मात्र चारी कोरडी.

त्या वेळच्या शेजपाळी पद्धतीत शेतकऱ्याने हंगामापूर्वी पीक व क्षेत्र नमूद करून मागणी अर्ज करावयाचा, खात्याने मंजुरी द्यावयाची आणि पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारावयाची, अशी रीत होती. पट्टी क्षेत्रावर असल्यामुळे कमी पाण्यात पीक काढणाऱ्यास काही लाभ नव्हता आणि दुप्पट पाणी घेणाऱ्यास काही तोटा नव्हता.

ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे ह्यांनी हा प्रश्न शेतकऱ्यांसमोर मांडला. पाणी मिळत नाही म्हणून अर्ज व मोर्चे करीत राहण्यापेक्षा पाणी मोजून ताब्यात घ्यावे आणि त्याचे वाटप आपण करावे, असा त्यांचा आग्रह होता. ह्या प्रयत्नांतून १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुण्याच्या सोपेकॉम ह्या अभ्यासू संस्थेचेही ह्या कामास साहाय्य झाले.

खाते व संस्था ह्यांच्यात करार होऊन पाण्याचा कोटा ठरला. पाणी संस्थेच्या हद्दीवर मोजून द्यावयाचे, आकारणी घनमापावर करावयाची, आणि पुढील वाटप, चारीची निगा व सभासदांकडून वसुली ही कामे संस्थेने सांभाळावयाची, असे ह्या व्यवस्थेचे स्वरूप होते. आपल्या वाट्याच्या पाण्यात कोणते पीक घ्यावे, हे ठरविण्याची मोकळीक शेतकऱ्यास मिळाली. संस्थांनी ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून कोट्यातील काही पाणी त्यांत सोडले, त्यामुळे आसपासच्या विहिरींना पाझर मिळाला. कालवा बंद असतानाही विहिरीवर पीक जगविता येऊ लागले. द्राक्षे व भाजीपाला पिकविणाऱ्या भागात ह्या गोष्टीचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

ओझरचे पाहून वरच्या गावांतही संस्था निघाल्या. वाघाड प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन झाली. त्यानंतर २००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम झाला. ह्या कायद्याने संचालक मंडळात वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांना सारखे प्रतिनिधित्व ठेवले आणि स्त्रियांनाही स्थान दिले.

सुरुवात शेवटापासून का झाली?

संस्था प्रथम कालव्याच्या मुखाशी न निघता शेवटाशी निघाली, हा योगायोग नव्हे. रॉबर्ट वेड ह्या अभ्यासकाने आंध्र प्रदेशातील कालव्यांवरच्या गावांची पाहणी करून १९८८ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काही गावांनी आपल्या खर्चाने सामाईक पाणकरी नेमले होते, तर काहींनी तसे काहीच केले नव्हते. जी गावे कालव्याच्या खालच्या भागात होती, जेथे पाणी अपुरे व बेभरवशाचे होते, तेथेच सामाईक व्यवस्था अधिक आढळली. जेथे पाणी मुबलक तेथे एकत्र येण्याचे कारण नसते; जेथे मुळीच येत नाही तेथे वाटावयास काही नसते; जेथे थोडे येते आणि नीट वाटले तर पुरू शकते, तेथे माणसे एकत्र येतात.

कार्यकर्त्याने ह्यावरून बोध घ्यावयाचा तो असा, की नव्या कामाचा आरंभ ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यापासून करावा. मुखाजवळच्या संतुष्ट शेतकऱ्यापुढे केलेले भाषण बहुधा वाया जाते.

मापाचा हिशेब

संस्थेचा प्राण मोजमापात आहे. एक हेक्टर जमिनीवर १० सेंटिमीटर पाणी उभे केले, तर १००० घनमीटर पाणी लागते. समजा, एखाद्या संस्थेस एका पाळीत १ लाख घनमीटर पाणी मिळाले. दर हेक्टरी १००० घनमीटर दिले, तर १०० हेक्टर भिजेल. सारे व वाफे नीट आखून, जमीन सपाट करून तेच काम ७०० घनमीटरमध्ये भागविले, तर सुमारे १४० हेक्टर भिजेल. जादा ४० हेक्टर हे शेवटच्या शेतकऱ्यांचे आहेत. पाणी न मोजता हा हिशेब मांडता येत नाही, आणि हिशेब मांडल्याशिवाय भांडण मिटत नाही.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. संस्थेची हद्द व सभासदांची यादी प्रथम निश्चित करावी. कोणाचा हक्क आहे व कोणाचा नाही, ह्याविषयी शंका राहू देऊ नये.

२. नियम सभासदांनी सभेत बसून करावेत. जमीन, पीक व विहिरी ह्यांची स्थिती प्रत्येक गावी निराळी असते. परगावचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत.

३. मोजमापाचे साधन चारीच्या तोंडाशी असावे, आणि त्यावरील आकडा कसा वाचावा हे पाटकऱ्याप्रमाणेच सामान्य सभासदासही शिकवावे.

४. पाळी शेवटाकडून वर आणावी. शेवटच्या शेतकऱ्याचा विश्वास बसला की वसुलीचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

५. नियम मोडणाऱ्यास पहिल्या वेळी समज व थोडा दंड, पुन्हा मोडल्यास अधिक दंड, अशी चढती रीत ठेवावी. दंड श्रीमंतास माफ व गरिबास लागू, असे एकदा झाले तरी संस्था खिळखिळी होते.

६. तंटा गावातच, थोडक्या खर्चात व लवकर मिटेल अशी सोय करावी. हिशेब दर हंगामास सभेपुढे वाचून दाखवावा.

खात्याने करावयाचे काम

ह्याचा अर्थ असा नव्हे की खात्याने हात झटकून मोकळे व्हावे. मोडकी चारी, गळणारा दरवाजा व बंद पडलेले मोजमाप अशी व्यवस्था शेतकऱ्यांच्या माथी मारणे म्हणजे सहभाग नव्हे. दोन्ही पक्षांनी कालव्याची संयुक्त पाहणी करावी, दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच ताबा द्यावा घ्यावा, हा योग्य क्रम होय. २००५ च्या कायद्यानंतर राज्यात स्थापन झालेल्या सर्वच संस्था सारख्या चालल्या नाहीत. अनेक केवळ कागदावर राहिल्या. जेथे लोकांच्या निकडीतून संस्था उगवली नाही, किंवा करारातील पाणी वेळेवर मिळाले नाही, तेथे ती टिकणे कठीणच.

गावाची संस्था कितीही चांगली असली, तरी काही प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचे असतात. २०१५ मध्ये अवर्षणामुळे नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून खालच्या जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले, तेव्हा वरच्या भागात असंतोष उसळला. चारीवर जो प्रश्न वरच्या व खालच्या शेतकऱ्यांत असतो, तोच खोऱ्यात वरच्या व खालच्या जिल्ह्यांत असतो. म्हणून चारी, वितरिका, प्रकल्प आणि खोरे अशा प्रत्येक पायरीवर बोलणी करण्याची जागा असली पाहिजे, असे अभ्यासकही सांगतात. ओझरच्या माणसाने स्वतः शेवटाला राहून जे सोसले, ते वरच्या जागी असताना विसरू नये, हीच ह्या प्रश्नातील खरी कसोटी आहे.

शेतकरी बंधूंनी येत्या पाळीपूर्वी एक दिवस काढावा. आपल्या चारीवर मुखापासून शेवटापर्यंत सर्वांनी मिळून चालत जावे आणि पाणी कोठे गळते, कोठे अडते व कोठे चोरीस जाते ते वहीत लिहून ठेवावे. ही पाहणी शेवटच्या शेताच्या बांधावर संपवावी आणि पहिली सभा तेथेच भरवावी.