पाव तासाचा हिशेब

कामाची टाळाटाळ बहुधा आळसातून उद्भवत नाही. आरंभ केव्हा करावा हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो आणि तेथेच आपण अडतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप (१८१५–१८८२) याने हा निर्णय स्वतःच्या हाती ठेवलाच नाही. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लेखनास बसे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल वृद्ध मोतद्दाराला तो वर्षाकाठी पाच पौंड जादा देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात जाई. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास २५० शब्द! (१८८३ साली आत्मचरित्रातून ही पद्धत उघड झाली, तेव्हा साहित्यातील हा कारकुनी हिशेब अनेकांना रुचला नाही.) आपल्या दृष्टीने मोलाचा आहे तो वाचनाचा अर्धा तास. कोऱ्या कागदाशी गाठ पडण्यापूर्वीच काम सुरू झालेले असे. रोजची पृष्ठसंख्या तो रोजनिशीत टिपून ठेवी. रिकामा गेलेला दिवस तेथे डोळ्यांत सलत राही. १८५८ साली खात्याच्या कामासाठी इजिप्तमध्ये असताना त्याने ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी पूर्ण केली आणि दुसऱ्याच दिवशी ‘द बर्ट्रम्स’ लिहावयास घेतली.