वर्षावासाचे बारा आठवडे आणि एकवीस किलोमीटर

धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही अर्ध-मॅरेथॉन घेतो. मागच्या वर्षी अठराव्या किलोमीटरपुढे आमचाच एक मुलगा रस्त्यात कोसळला. तो वाचला, आज ठणठणीत आहे. पण ती चूक त्याची कमी आणि आम्हा आयोजकांची जास्त होती. विदर्भातल्या अनेक गावांतून अशी दौड कशी घ्यायची म्हणून विचारणा होते. तेव्हा काय करावे याबरोबर आमचे काय चुकले, तेही सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

दिवस कोणता?

14 ऑक्टोबर 1956 रोजी अशोक विजयादशमी होती. त्यामुळे आपल्याकडे हा दिवस तिथीने आणि तारखेने असा दोन्ही प्रकारे साजरा होतो. दसऱ्याला मात्र दौड ठेवू नये. त्या दिवशी अर्धे गाव दीक्षाभूमीला गेलेले असते. कार्यकर्ते, गाड्या, पोलीस बंदोबस्त, सारे नागपूरच्या वाटेवर. गावात देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुका असतात, त्यांनाही तोच रस्ता लागतो. सण सगळ्यांचे आहेत आणि रस्ताही सगळ्यांचा आहे. म्हणून आम्ही दसऱ्यानंतरचा रविवार धरतो. नगरपरिषद आणि पोलीस ठाण्यात महिनाभर आधी लेखी अर्ज द्यावा आणि परवानगीची प्रत प्रत्येक पाणी स्टॉलवर ठेवावी. रस्ता महामार्गाचा असेल तर तो सोडून गावाकडचा रस्ता निवडावा. परवानगी मिळाली तरी ट्रक थांबत नाहीत.

अंतर कसे मोजावे?

मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि पुढे 1921 मध्ये तेच कायम झाले. त्याचे निम्मे म्हणजे 21.0975 किलोमीटर. मोटारसायकलच्या मीटरवर विसंबू नये. सायकलीने मोजता येते. सरळ रस्त्यावर लोखंडी टेपने 300 मीटर आखून घ्यावेत, तेवढ्यात चाकाचे किती फेरे होतात ते मोजावे आणि त्या हिशेबाने पूर्ण रस्ता मोजावा. वळणावर धावणारा आतल्या कडेने जातो, सायकलही तशीच न्यावी. मोजमापात अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरण्याची पद्धत आहे. जाऊन-येऊन रस्ता असेल तर सुरुवातीपासून साधारण 10,559 मीटरवर वळण येते.

बारा आठवडे कुठून आणायचे?

नवख्याला या अंतरासाठी साधारण बारा आठवड्यांची तयारी हवी. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तिथून विजयादशमीपर्यंत बारा आठवडेच होतात. म्हणून आम्ही विहारात वर्षावासाच्या पहिल्या दिवशीच नावे घेतो. ज्या संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होते, त्याच्या दुसऱ्या सकाळी सराव सुरू होतो.

पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस, थोडे चालणे थोडे धावणे, आणि रविवारी पाच ते आठ किलोमीटर. पुढचे चार आठवडे रविवारचे अंतर दहापासून चौदापर्यंत न्यावे. दहाव्या आठवड्यात एकदा अठरा. त्यानंतर अंतर उतरवत आणावे आणि शेवटच्या आठवड्यात पायांना विश्रांती द्यावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर थोडे कमी करावे. वेगाची कसोटी सोपी आहे: धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ज्या उपासक-उपासिका उपोसथ पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी लांब पल्ला धावू नये.

आमच्याकडे धावणारी बहुतेक मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करणारी. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. त्यांचा सगळा सराव जीव तोडून काही मिनिटे पळण्याचा. तीच सवय घेऊन ती एकवीस किलोमीटरला उभी राहतात आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्येच सगळे बळ संपवतात. मागच्या वर्षी पडलेला मुलगाही भरतीचाच होता. वळणापर्यंत तो सर्वांच्या पुढे होता.

पाणी आणि आमची चूक

दर अडीच किलोमीटरला एक असे आमचे चार स्टॉल. रस्ता जाऊन-येऊन असल्यामुळे प्रत्येक धावपटूला प्रत्येक स्टॉल दोनदा लागतो. दोनशे धावपटू, आठ वेळा, प्रत्येकी 150 मिलिलिटर, म्हणजे 240 लिटर. डोक्यावर-मानेवर ओतायला तेवढेच. एकूण 500 लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंचवीस कॅन. हा हिशेब आम्ही बरोबर केला होता. चूक दुसरीच झाली. पहिल्या स्टॉलवरच्या मुलांसमोरून शेवटचा धावपटू पुढे गेला, तेव्हा त्यांना वाटले आपले काम संपले. ती नाश्त्याला निघून गेली. परतीच्या वाटेवर तोच स्टॉल साडेअठराव्या किलोमीटरवर येत होता. नेमक्या गरजेच्या जागी टेबल होते आणि पाणी नव्हते. त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते, कारण ते सांगण्याचे काम कोणाकडेच दिलेले नव्हते.

आता प्रत्येक स्टॉलवर एक मोठा माणूस असतो आणि शेवटच्या धावपटूमागून येणारी मोटारसायकल सांगेपर्यंत कोणी जागा सोडत नाही. दोन स्टॉलवर मीठ-साखरेचे पाणी ठेवतो: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोणालाही बळजबरीने पाणी पाजू नये. तीन-तीन तास नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मिठाचे प्रमाण घसरते, आणि तेही जिवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्यावे.

कोणी पडला तर

ऑक्टोबरच्या उन्हाला कमी लेखू नये. सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. आम्ही सहाला सुरुवात करतो आणि नऊला दौड बंद करतो. तरीही शेवटचा तास तापतोच.

धावणारा अडखळत असेल, असंबद्ध बोलत असेल, चिडत असेल किंवा स्वतःचे नाव सांगू शकत नसेल, तर उष्माघात समजावा. अशा वेळी आधी थंड करायचे, मग हलवायचे. 108 ला फोन लावावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत बर्फाच्या पाण्यात बसवावे, डोके पाण्याच्या वर धरून. टब नसेल तर ओल्या चादरी गुंडाळाव्यात, बर्फ चोळावा, वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. मागच्या वर्षी रस्त्यावरच्या रसवंतीवाल्या दादांनी न विचारता बर्फाची लादी फोडून दिली, म्हणून आमचा मुलगा वाचला. यंदा दोन टब आणि बर्फ आमच्या यादीत सर्वात वर आहे, टी-शर्ट त्याच्या खाली.

पैसा आणि प्रायोजक

खर्रा-गुटख्याच्या जाहिरातीतून पैसे येत होते, आम्ही घेतले नाहीत. पंचशील म्हणून दौड सुरू करायची आणि छातीवर तंबाखू मिरवायची, हे जमणार नाही. डीजेही ठेवत नाही. त्याच पैशात एक डॉक्टर आणि दोन परिचारिकांची सोय होते. बक्षिसाची रक्कम मुला-मुलींना सारखी ठेवतो. पहिल्या वर्षी मुली मोजक्याच होत्या. सरावाला आया-मावश्या सोबत चालायला येऊ लागल्या, तेव्हापासून संख्या वाढली.

सोणाची वीणा

भिक्खू सोण चंक्रमण करता करता पाय रक्ताळेपर्यंत झिजला आणि तरी हाती काही लागेना म्हणून निराश झाला. भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी नाही. प्रयत्न सोडून दे, असे त्यांनी त्याला म्हटले नाही. प्रयत्न समतोल कर, असे सांगितले.

यंदा सुरुवातीच्या रेषेवर आम्ही हीच गोष्ट सांगणार आहोत. सांगणार आहे तोच मुलगा. तो यंदा धावणार नाही. साडेअठराव्या किलोमीटरचा स्टॉल त्याने स्वतःहून मागून घेतला आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.