मजा म्हणजे कशासारखी?

सहल ठरवायची बैठक असो, गॅदरिंगची असो की नव्या मोबाइल गेमची, ‘मजा आली पाहिजे’ या मुद्द्यावर कधी मतभेद होत नाहीत. सगळे माना डोलावतात आणि चर्चा बसच्या भाड्याकडे वळते. प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी मात्र निम्मी बस अंताक्षरीत दंग असते आणि उरलेली निम्मी खिडकीला डोकं टेकून ‘कधी एकदा उतरतो’ म्हणत असते. मजा दोघांनाही हवी होती. कसली, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

ते विचारण्याची एक पद्धत आहे, ‘क्लीन लँग्वेज’ नावाची. न्यूझीलंडचे मानसोपचारक डेव्हिड ग्रोव्ह (१९५०–२००८) यांनी ती १९८०च्या दशकात घडवली. तेव्हा तिचा मजेशी काडीचाही संबंध नव्हता. लैंगिक अत्याचार किंवा युद्धासारखे आघात सोसलेल्या माणसांवर ग्रोव्ह उपचार करत. ही माणसं आपला त्रास सांगताना रूपकांत बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कुणाच्या छातीवर दगड असतो, कुणाच्या घशात गाठ. ऐकणारा उपचारक चांगल्या हेतूनेच ते शब्द बदलतो: ‘म्हणजे तुम्हाला दडपण येतं तर.’ झालं, रुग्णाचा दगड तिथेच हरवला आणि उपचारकाचं दडपण सुरू झालं. ग्रोव्ह यांनी दगडाला दगडच म्हणायचं ठरवलं आणि त्याच्याबद्दल विचारायला सुरुवात केली. कसला दगड? छातीवर नेमका कुठे? तो येण्याच्या जरा आधी काय होतं?

असे मोजकेच प्रश्न या पद्धतीत पुन्हा पुन्हा वापरले जातात. ते कशा प्रकारचं आहे, कुठे आहे, त्याबद्दल आणखी काही सांगता येईल का, आधी काय होतं, पुढे काय होतं, काय झालेलं आवडेल, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे ‘ते कशासारखं आहे?’ विचारणाऱ्याने सांगणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे उचलायचे. पदरचा शब्द घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, अर्थ लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना जीभ चावावी लागते.

एका शब्दाने काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याचं उत्तर देतो. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला गेला. काहींना प्रश्नात ‘धडकल्या’ अशा अर्थाचं क्रियापद दिलं, तर काहींना ‘जोरात आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं. पहिल्या गटाने सांगितलेला वेग सरासरी ताशी ३४ मैल होता आणि दुसऱ्याचा जवळपास ४१. चित्रफिती त्याच होत्या. डोळ्यांनी पाहिलेल्या अपघातात प्रश्नातला शब्द इतका शिरत असेल, तर मजेसारख्या आतल्या अनुभवात तो किती शिरेल?

रूपक म्हणजे कवींची चैन, हा समज जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८०च्या ‘मेटाफर्स वुई लिव्ह बाय’ या पुस्तकात खोडून काढला. माणूस रोजचा विचारच रूपकांतून करतो, असं त्यांचं म्हणणं. आपण वादात बाजू लढवतो, मुद्द्यावर हल्ला चढवतो, शेवटी जिंकतो किंवा हरतो. आणि यात आपण लढाईची भाषा वापरतोय, हे ध्यानातही येत नाही. पेनी टॉम्पकिन्स आणि जेम्स लॉली या ब्रिटनमधल्या जोडीने ग्रोव्ह यांच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला आणि २०००च्या ‘मेटाफर्स इन माइंड’ या पुस्तकात त्याची पद्धतशीर मांडणी केली. तिथून हे प्रश्न उपचाराच्या खोलीबाहेर पडले आणि शाळा, कार्यालयं, संशोधन अशा ठिकाणी पोचले.

ते गटात आणण्याचं मोठं श्रेय केटलिन वॉकर यांना जातं. हिंसक वागण्याशी झगडणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या गटांबरोबर ब्रिटनमध्ये त्यांनी काम केलं. सगळे प्रश्न आपणच विचारण्याऐवजी मुलांनाच ते शिकवले आणि एकमेकांना विचारायला लावले. राग येण्याच्या जरा आधी तुला काय होतं? ते कशासारखं असतं? एकाचं उत्तर ऐकलं की दुसऱ्याला कळतं, की आपला राग तसा नाही. या कामाची हकिगत त्यांच्या २०१४च्या ‘फ्रॉम कंटेम्प्ट टू क्युरिऑसिटी’ या पुस्तकात आहे.

हेच प्रश्न मजेला लावले तर काय होतं? समजा, एका कार्यालयातले सातआठ जण गोल करून बसले आहेत. हातात कागद आणि रंगीत खडू. खरी मजा येते तेव्हा ती कशासारखी असते, याचं चित्र प्रत्येकाने काढायचं आणि मग एकमेकांना विचारायचं.

‘नदीत पोहल्यासारखी,’ एक जण म्हणते.

‘आणि नदीत पोहल्यासारखी, तेव्हा ती नदी कसली?’

‘वाहती. हातपाय फार मारायचे नाहीत, पाणीच पुढे नेतं.’

‘आणि पाणीच पुढे नेतं. त्याच्या जरा आधी काय होतं?’

‘काठावर बराच वेळ उभी असते. कुणी ढकललं की मजा गेली. आपलं आपण उतरायचं असतं.’

शेजारचा सांगतो, की त्याची मजा फटाक्यांच्या माळेसारखी आहे. माळ पेटण्याआधी काय होतं? ‘कुणीतरी काडी लावायला लागते,’ तो म्हणतो. ‘मी नुसती वात. कुणी पुढे आलं नाही तर तसाच पडून राहतो.’ तिसऱ्याची मजा कोडं सुटत आल्यासारखी असते आणि सुटलं की ती संपते.

काल्पनिकच गट, पण तीन उत्तरांतच बरंच उलगडतं. ‘चला, नाचायला चला’ म्हणत सगळ्यांना हाताला धरून ओढणारा उत्साही सहकारी वातीवर उपकार करतो आणि पोहणारीची मजा घालवतो, तेही एकाच वेळी. ‘तुला काय आवडतं?’ असा थेट प्रश्न विचारला असता तर दोघांनीही ‘नाचायला आवडतं’ असंच सांगितलं असतं, आणि ते खरंही असतं.

पाण्याचं ते उत्तर तर मानसशास्त्राच्या ओळखीचं आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशा मंडळींना, ती आपल्या कामात किंवा खेळात कशामुळे रमतात, हे विचारलं होतं. अनेकांनी प्रवाह आपल्याला वाहून नेतो, अशा शब्दांत वर्णन केलं. १९७५मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘फ्लो’ या संकल्पनेचं नाव बोलणाऱ्यांच्या त्या रूपकातूनच आलं.

गटातली चित्रं एकसारखी निघत नाहीत, याचं नवल वाटायचं कारण नाही. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार मूळ प्रकार सांगितले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवंड. आपल्याकडची उदाहरणं चटकन सापडतात. कबड्डीत स्पर्धा आहे, सापशिडीत नशीब, भातुकलीत सोंग आणि फुगडीत भोवंड. फुगडीत जीव रमणाऱ्या बाईला सापशिडी मिळमिळीत वाटू शकते. त्यात ती बाई चूक नाही आणि सापशिडीही नाही. मात्र कायवांच्या यादीत आणि या प्रश्नांत एक फरक आहे. यादीत माणसाला तयार खण मिळतो. प्रश्नात त्याचा खण त्यालाच आखावा लागतो.

तयार खणाचा धोका संशोधकांनाही चुकत नाही. पॉल टोसी, जेम्स लॉली आणि रूपर्ट मीस यांचा २०१४चा एक अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ मॅनेजमेंट’मध्ये प्रसिद्ध झाला. काम आणि घर यांच्या ‘समतोला’बद्दल त्यांनी सहा व्यवस्थापकांच्या क्लीन लँग्वेज पद्धतीने मुलाखती घेतल्या. आता समतोल हेच मुळी एक रूपक. ते म्हटलं की तराजूची दोन पारडी आपोआप डोळ्यांपुढे येतात, मग बोलणाऱ्याच्या मनात पारडी असोत वा नसोत. ‘आजच्या कार्यक्रमात किती मजा आली, १ ते ५ गुण द्या’ हा फॉर्म असंच काहीतरी करतो. मजा ही कमीजास्त भरणारी वस्तू आहे, हे तो आधीच ठरवून टाकतो.

अर्थात ‘कशासारखी?’ हा प्रश्नही पूर्ण निर्लेप नाही. उपमा दे, असा तगादा त्यातही असतोच आणि सगळ्यांनाच चित्रं सुचतात असं नाही. कुणी म्हणालं, ‘कशासारखी नाही, मजा ती मजा,’ तर ते तिथेच सोडून ‘कसली मजा?’ एवढं विचारणं पुरतं. शिवाय या पद्धतीचा डोलारा बराचसा ती वापरणाऱ्यांच्या अनुभवावर उभा आहे, हेही लक्षात ठेवावं. शेवटी एखाद्या माळेला काडी आणि एखाद्या पोहणारीला काठावर थोडा वेळ मिळाला, तरी गटाच्या दृष्टीने ते पुष्कळ आहे.

गट चालवताना काही पथ्यं पाळावी लागतात. एका माणसाला दोनतीनच प्रश्न विचारून पुढच्याकडे वळायचं, नाहीतर गमतीत सुरू झालेली चौकशी उलटतपासणी होते. मजेबद्दल विचारतानाही लहानपणीचं एखादं दुःख वर येऊ शकतं. ते गटासमोर खणायचं नाही. ग्रोव्ह ते काम बंद खोलीत, प्रशिक्षित हातांनी करत. साहेबही गोलात बसणार असतील, तर त्यांनी स्वतःचं चित्र सगळ्यांत शेवटी दाखवावं, नाहीतर निम्म्या कागदांवर त्यांच्यासारखीच मजा उमटते. आणि काढलेली चित्रं ज्याची त्याने घरी न्यावीत. वार्षिक मूल्यमापनाच्या फायलीत त्यांना जागा नसावी.