पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा क्लब

अंडी-चिकनच्या धंद्यातलं पुण्याचं नाव म्हणजे व्यंकीज. याच कंपनीच्या राव कुटुंबाने नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब सुमारे 2.3 कोटी पौंडांना विकत घेतला. 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब!

महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना नारळ मिळाला आणि स्टीव्ह कीन आले. मे 2012 मध्ये विगनविरुद्ध हरून संघ प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली चक्क जिवंत कोंबडी मैदानात सोडली!

2017 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. तोटा मात्र मालकच भरत राहिले.

म्हणूनच चाहत्यांच्या तर्कांना ऊत येतो. मालक क्लब विकणार का? विकला तर दरवर्षीचा खड्डा कोण भरणार? त्यात भारतातून पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा तर चर्चेला आणखीच फोडणी मिळाली.

पुणेकर फुटबॉलप्रेमींनो, तुमचं मत काय? मालकांनी क्लब ठेवावा की विकावा? कमेंटमध्ये नक्की सांगा.